घोटा जुळल्यानंतरचे चार महिने

नांदेड-लातूरकडे शालेय फुटबॉलचा हंगाम पावसात येतो. सुब्रतो मुखर्जी चषकाच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये उरकल्या जातात, आणि नेमकी तेव्हाच इथली काळी माती सगळ्यात वाईट अवस्थेत असते. उन्हाळ्यात भेगाळलेली ही जमीन पाणी पिऊन फुगते, चिकट होते आणि बुटाचे स्टड धरून ठेवते. अंग वळतं, पाऊल वळत नाही. घोटा मोडायला एवढं पुरतं. चांगल्या राखलेल्या हिरवळीवरही हे घडतं. १४ सप्टेंबर २०१० रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर रेंजर्सविरुद्ध खेळताना मँचेस्टर युनायटेडच्या अँतोनियो व्हॅलेन्सियाचा बूट असाच गवतात अडकला. घोटा सांध्यातून निखळला, हाड मोडलं. सहा महिन्यांत तो परत मैदानात होता. २८ मे २०११ रोजी बार्सिलोनाविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तर तो सुरुवातीच्या अकरांत होता.

मराठवाड्यात व्यावसायिक फुटबॉल नाही, हे आधीच सांगून टाकू. इंडियन सुपर लीगमध्ये महाराष्ट्रातून मुंबई आणि काही वर्षं पुणे, एवढीच नावं आली. कोल्हापूरला पेठांच्या तालमींचा फुटबॉल आहे, पण तो पैशापेक्षा ईर्ष्येवर चालतो. आपल्याकडे घोटा मोडतो तो शाळेच्या संघातल्या पोराचा, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणाऱ्याचा, माळेगावच्या किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत इनामी कुस्ती धरणाऱ्या पैलवानाचा, आणि पहाटे अंधारात पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणाऱ्याचा. खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के आरक्षणातली नोकरी, भरतीतले गुण, यात्रेतलं इनाम हे सगळं त्या पायावर उभं असतं. या अर्थानं हे सगळे व्यावसायिकच. तेव्हा प्रश्न असा की व्हॅलेन्सियाचे ते सहा महिने कशाकशाचे बनलेले होते, आणि त्यातलं काय नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आणि लातूरच्या बार्शी रोडवर मिळतं?

घोटा म्हणजे एक हाड नव्हे. आतून नडगीचं जाड हाड आणि बाहेरून त्याच्या शेजारचं बारीक हाड मिळून सुताराच्या खाचेसारखी खोबण करतात, आणि पावलाचं वरचं हाड, टॅलस, तीत बसतं. ही खोबण लिगामेंटनी आवळून धरलेली असते. अंगाचा सगळा भार, उडी मारून खाली आल्यावर तर त्याच्या कितीतरी पट, एवढ्याशा जागेतून जमिनीवर उतरतो. टॅलस बाहेरच्या बाजूला एक मिलिमीटर सरकलं तरी हाडाला हाड टेकण्याचा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असं रॅम्सी आणि हॅमिल्टन या दोघांनी १९७६ मध्ये मोजून दाखवलं. आकड्यावर पुढे वाद झाले, पण शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या मनातून तो मिलिमीटर गेला नाही. मांडीचं हाड थोडं तिरकं जुळलं तरी माणूस चालून जातो. घोटा ते खपवून घेत नाही. काही वर्षांनी सांधा झिजून हिशेब पुरा करतो. गुडघा म्हातारपणानं झिजतो, घोट्याची झीज मात्र बहुतेकदा जुन्या दुखापतीची असते.

जुन्या काळी हा मिलिमीटर पाहणार तरी कोण? पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यविशारदाचं नाव आजही घोट्याच्या फ्रॅक्चरला चिकटलेलं आहे. १७५६ मध्ये तो स्वतः घोड्यावरून पडला आणि हाड कातडीतून बाहेर आलं. कोणालाही त्यानं अंगाला हात लावू दिला नाही. रस्त्यावर थंडीत पडून राहून एक दरवाजा विकत आणायला लावला, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर निजून घरी गेला. पाय कापायची हत्यारं तयार होती. त्याचा जुना गुरू ऐन वेळी पोचला म्हणून पाय राहिला. पॉटचं मोडलं होतं ते बहुधा नडगीचं हाड, घोटा नव्हे. नाव मात्र घोट्याला मिळालं. त्यातली शिकवण अजून ताजी आहे: मोडलेला पाय मैदानावरून उचलताना आधी काहीतरी सपाट आणि कडक शोधावं. आपल्याकडे दोन पोरं काखेत हात घालून खेळाडूला लंगडी घालत मोटरसायकलवर बसवतात, पाय लोंबकळत राहतो.

१९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी एकत्र येऊन ए. ओ. हा गट काढला आणि प्लेट-स्क्रूनं हाडं घट्ट बसवून सांधा लवकर हलता ठेवायचा, हे शास्त्र बसवलं. नांदेड-लातूरला आज घोट्याला जी प्लेट पडते तिचं मूळ तिथं आहे. मोडलेलं बारीक हाड प्लेटनं लांबीला नीट बसवायचं, आतला कोंब, म्हणजे घोट्याच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा, स्क्रूनं धरायचा, दोन हाडांमधला बंध फाटला असेल तर तो स्क्रूनं किंवा दोऱ्याच्या बटणानं आवळायचा. दोन्ही शहरांत हे काम रोज होतं. नांदेडला शंकरराव चव्हाणांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाचं. शिवाय विवेकानंद रुग्णालय आणि रांगेनं खासगी हाडांचे दवाखाने आहेत. परभणी, हिंगोली, धाराशिवपासून बिदर-आदिलाबादपर्यंतचे रुग्ण इथं येतात. मोटरसायकलवरून पडलेल्यांनी या सर्जनांच्या हाताला इतकी सवय लावली आहे की साध्या घोट्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला पळायचं कारण उरलेलं नाही. फोटो काढायचा, कच्चं प्लास्टर घालायचं, सूज उतरून कातडीला सुरकुती दिसेपर्यंत आठ-दहा दिवस थांबायचं, मग टेबलावर घ्यायचं. सांधा निखळला असेल तर मात्र तो लगेच जागेवर बसवावा लागतो. हे सगळं लिव्हरपूलमध्ये होतं तसंच इथंही होतं.

फरक पडतो तो टाके निघाल्यावर.

आंद्रे गोम्सचं उदाहरण जवळून पाहू. ३ नोव्हेंबर २०१९, गुडिसन पार्क. टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिननं मागून घसरून पाय घातला, एव्हर्टनचा गोम्स तोल जाऊन सर्ज ओरिएवर आदळला आणि उजवं पाऊल भलत्याच दिशेला वळलं. सोन डोकं धरून रडत होता. त्याचं लाल कार्ड नंतर रद्द झालं. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. २३ फेब्रुवारी २०२० रोजी गोम्स आर्सेनलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला. मध्ये गेले ११२ दिवस. हाडाला जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, ते त्याच्या हाडालाही लागलेच असणार. पैसा असला म्हणून हाड भरभर जुळत नाही. वाचले ते उरलेले दिवस. पोटरीचा स्नायू वाळू न देणं, पाण्यात चालवणं, सांधा आखडू न देणं, सूज रोज मोजणं, भार किती टाकायचा हे रोज ठरवणं यासाठी पगारी माणसं होती, आणि तो स्वतः त्या काळातही पगारावर होता.

सगळ्यांचं असं होत नाही. आर्सेनलच्या एदुआर्दोचा घोटा २३ फेब्रुवारी २००८ रोजी बर्मिंगहॅमविरुद्ध फुटला, जखम उघडी होती. पुढच्या फेब्रुवारीत परतला तेव्हा जवळजवळ वर्ष उलटलं होतं. आल्या आल्या कार्डिफविरुद्ध दोन गोल केले खरे. लिव्हरपूलचा हार्वे एलियट सप्टेंबर २०२१ मध्ये अठरा वर्षांचा होता; पाच महिन्यांच्या आत आला आणि तोही कार्डिफविरुद्धच गोल करून मोकळा झाला. मँचेस्टर युनायटेडचा ॲलन स्मिथ मात्र फेब्रुवारी २००६ मध्ये लिव्हरपूलच्या रिसेची फ्री किक अडवताना पाय मोडून बसला, काही महिन्यांनी परतला, पण तो धडाकेबाज स्मिथ पुन्हा कोणाला दिसला नाही. पुढच्याच वर्षी युनायटेडनं त्याला न्यूकॅसलला विकलं. तिघांनाही जगातले उत्तम सर्जन मिळाले होते. ‘परत आला’ म्हणताना सामन्यात उतरला एवढंच पाहायचं की पूर्वीसारखा खेळला हे पाहायचं, यावर आकडे फिरतात. बातम्या पहिलंच पाहतात.

हाड मोडलंच पाहिजे असंही नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी गहुंजेच्या मैदानावर बांगलादेशविरुद्ध स्वतःच्याच गोलंदाजीवर पायानं चेंडू अडवताना हार्दिक पंड्याचा डावा घोटा दुखावला. त्याचा विश्वचषक तिथंच संपला. परतला तो मार्चअखेर, आयपीएलमध्ये. म्हणजे लिगामेंटच्या दुखापतीनंतर पाच महिने, आणि गोम्सला फ्रॅक्चर होऊन पावणेचार. क्रिकेटचं वेळापत्रक वेगळं, गोलंदाजाच्या पायावरचा भार वेगळा, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. तरी ‘हाड मोडलं नाही ना, मग काय, चोळून घे’ या आपल्या लाडक्या सल्ल्यावर पंड्या हा पुरेसा खुलासा आहे.

मराठवाड्यातला सगळ्यात जवळचा दाखला घोट्याचा नाही, गुडघ्याचा आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ११ जुलै २०२५ रोजी मोनॅकोला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये पाण्याच्या अडथळ्यावर पडला. लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. साबळे लष्करात आहे. पाय बरा होईपर्यंत त्याची चूल पेटती ठेवणारं कोणीतरी आहे, तसं पंड्याच्या मागे क्रिकेट मंडळ आहे. फुटबॉलमध्ये तर खेळाडू देशासाठी खेळताना जखमी होऊन २८ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर फिफा क्लबला त्याच्या पगारापोटी दिवसाला २०,५४८ युरोपर्यंत भरपाई देते. या तिघांच्याही बाबतीत दुखापतीनंतरचा काळ कोणाच्या तरी खात्यावर मांडलेला असतो. नांदेडचा पोरगा त्या काळात आईच्या आणि क्रीडाशिक्षकाच्या भरवशावर असतो.

सरकारी योजना इथं कुठं बसते? २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या आठांत नांदेड होता. लातूर २०१३ मध्ये आला. पुढे तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिनं मराठवाड्यातल्या किती घरांचं शेत वाचवलं असेल, हे हाडांच्या दवाखान्याच्या बाकावर बसलं की कळतं. पण योजनेची बांधणी ऑपरेशनभोवती आहे. घरी सोडल्यावर तपासणी आणि औषधं मिळतात ती दहा दिवस. घोट्याच्या बाबतीत तोवर टाके जेमतेम निघालेले असतात. पुढचे चार महिने योजनेच्या बाहेर, आणि माझ्या मते खेळाडूचं काय होणार हे याच चार महिन्यांत ठरतं.

त्या काळात प्रत्यक्षात काय होतं, हे कोणत्याही सरकारी ओपीडीत दिसतं. सहा आठवड्यांनी फोटो, ‘जुळलंय, आता चालायला लागा’, पुढचा नंबर. चालायचं म्हणजे किती, टाच आधी की बोटं, पळायचं कधी, हे विचारायला वेळ नसतो आणि सांगायलाही. पोरगा घरी येऊन भीतभीत बोटांवर चालतो, टाच टेकवत नाही, पोटरी वाळते, सांधा आखडतो. घरचे पायाचं सूप पाजतात, कोणी कांडवेल आणून देतं. त्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तंबाखूनं; निकोटीन हाड जुळायला उशीर लावतं, आणि हे आपल्याकडे सूपाइतक्या आग्रहानं कोणी सांगत नाही.

काही ठिकाणी अजूनही पहिली फेरी हाडवैद्याकडे होते. नुसत्या मुरगळीत त्यानं लेप लावून पट्टी बांधली तर पाय स्थिर राहतो, एवढा उपयोग आहे. सुजलेल्या, मोडलेल्या घोट्यावर आवळून बांधलेल्या काड्यांनी रक्तपुरवठा तुटतो, मग मात्र पायच धोक्यात. दोष फक्त हाडवैद्यांचा असतो असंही नाही. नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ मधल्या अपघातानंतर गँगरीन होऊन गेला. घोट्यावरच्या जखमेकडे दुर्लक्ष होऊन वरून प्लास्टर चढलं होतं, आणि ते दवाखान्यात चढलं होतं.

आता शास्त्राकडे पुन्हा वळावं लागेल, कारण वर मी जे म्हणतो आहे त्याला एक अडचण आहे. ऑस्ट्रेलियात घोटा मोडलेल्या २१४ जणांवर एक चाचणी झाली आणि २०१५ मध्ये ‘जामा’त छापून आली. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम, अर्ध्यांना फक्त एकदा बसवून नीट समजावलेला सल्ला. पुढे दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग फिजिओसाठी एवढा आटापिटा कशाला? दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ते सगळे सर्वसाधारण रुग्ण होते, त्यांना बाजारात जायचं होतं, यात्रेत कुस्ती धरायची नव्हती. आणि ज्याला तिथं ‘फक्त सल्ला’ म्हटलं तो फिजिओथेरपिस्टनं समोर बसवून, व्यायाम दाखवून दिलेला सल्ला होता. आपल्या बहुतेकांना तेवढाही मिळत नाही. भाराबद्दलही आता मत बदलतं आहे. सहा आठवडे पाय टेकवू नका, हा जुना नियम. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत झालेली आणि २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापलेली चाचणी सांगते की शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी भार टाकायला लागलेले रुग्ण मागे पडले नाहीत. मात्र सर्जननं आतला बंध आवळला असेल किंवा हाड ठिसूळ असेल तर सर्जन जास्त थांबायला सांगू शकतो. हे ठरवायचं सर्जननं. घरच्यांनी नव्हे, आणि मोबाइल पाहून तर नव्हेच.

आणि शाळकरी पोरांची गोष्ट निराळी आहे. बारा ते पंधराच्या वयात नडगीच्या टोकाची वाढीची कूर्चा एका बाजूनं बंद होत येते, दुसरी बाजू अजून उघडी असते. अशा वेळी पाय पिळवटला तर हाड त्या उघड्या भागातून तुकडा काढून मोडतं आणि साध्या फोटोत ते निसटतं. सीटी स्कॅन लागतो. सुब्रतो चषकात नेमकी याच वयाची पोरं खेळतात. ‘मुरगळलंय, चार दिवसांत उतरेल’ म्हणून सोडून दिलेला घोटा पंधरा दिवसांनी सुजलेलाच असेल, तर पुन्हा तपासून घ्यावा.

एक्स-रे कधी काढायचा याचे कॅनडातल्या ओटावात १९९२ मध्ये ठरलेले नियम क्रीडाशिक्षकाला पाठ करता येतील इतके सोपे आहेत. घोट्याजवळ दुखतंय आणि दोन्हीपैकी एका कोंबाच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबलं की कळ येते, किंवा पोराला चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे. पावलाच्या मधल्या भागासाठी अशीच आणखी एक-दोन ठिकाणं आहेत. परतीच्या चाचण्यांनाही यंत्र लागत नाही. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते पट्टीनं मोजायचं. दुसऱ्या पायाच्या तुलनेत तीन-चार सेंटिमीटर कमी भरत असेल तर पोरगा पळताना पाऊल बाहेर फेकतो आणि गुडघा दुखवून घेतो. मग एका पायावर टाच उचलणं: चांगल्या पायानं पंचवीस वेळा होत असेल आणि मोडलेल्यानं नऊ वेळा, तर त्यानं सामना खेळायचा नाही, फोटो कितीही छान येवो. डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. एका पायावर लंगडी उडी, लांबी मोजून. लंगडी तर आपल्याच मातीतला खेळ.

माणसं नाहीत असंही नाही. लातूरला फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, क्रीडा संकुल आहे. दोन्हींची गाठ पडत नाही. महाविद्यालयातल्या मुलामुलींना अनुभवाला रुग्ण हवेत, संकुलावर लंगडणारी पोरं आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ दोन शिकाऊ फिजिओ आणि एक शिक्षक संकुलावर बसले तर वर सांगितलेलं जवळजवळ सगळं तिथंच होईल. फुटबॉलवर सरकारचं प्रेम नाही, असं म्हणता येत नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या तोंडावर, ‘मिशन वन मिलियन’ म्हणून राज्यभर एकाच दिवशी शाळाशाळांत फुटबॉल खेळवला गेला आणि त्यासाठी चेंडू वाटले गेले. तेवढ्याच उत्साहानं घोट्याकडे पाहायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही.

मोठ्या गुंतागुंतीला अजून मोठं शहर लागतंच. घोट्यात दुर्बीण घालून कूर्चेचा तुकडा काढणं, वाकडं जुळलेलं हाड पुन्हा तोडून बसवणं, यासाठी लातूरहून रात्रीची मुंबई गाडी किंवा नांदेडहून देवगिरी पकडावी. तिथून परतल्यावर पुढचं काम पुन्हा गावातच करायचं असतं, हे आधीच ठरवून जावं. तिथल्या सर्जनकडून आठवड्यांचा कागद लिहून घ्यावा आणि इथल्या फिजिओच्या हातात द्यावा.

राहता राहिला तो प्रश्न, जो इकडे प्रत्येक जण विचारतो: प्लेट काढायची का? भरतीच्या मेडिकलला अडेल, थंडीत ठणकेल, ‘लोखंड अंगात कशाला’ अशी कारणं असतात. टोचत नसेल, बुटाला घासत नसेल, तर ती तशीच राहू द्यायला हरकत नसते; दोन हाडांना आवळणारा स्क्रू मात्र काही सर्जन आधी काढतात. काढायचीच असेल तर हंगाम पाहून काढावी. स्क्रू निघाल्यावर हाडात भोकं राहतात, ती भरेपर्यंत हाड तिथं कच्चं असतं, आणि त्या काळात पट काढताना किंवा टॅकल खाताना ते पुन्हा त्याच जागी मोडू शकतं. दिवाळीच्या सुट्टीत प्लेट काढून पौषात माळेगावच्या आखाड्यात उतरू पाहणाऱ्या पैलवानाला त्याच्या वस्तादानं त्या वर्षी घरी बसवावं.